मधला फण

७ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाला, "वासिल, दर आठवड्याला नवी काळजी घेऊन माझ्याकडे येऊ नकोस. वहीत लिहून काढ. निम्म्या तिथेच मरतील." म्हणून ही वही आणली. माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी बसलो आणि आकड्यांपलीकडे फारसं काही लिहिलं नाही. त्यामुळे सुचेल तसं लिहितो.

आजच्या काळज्या. पायरीवर बर्फ साचलाय, माझी लेक लेसिया कामावरून येताना घसरेल. छातीत डाव्या बाजूला टोचतंय, पण डॉक्टर म्हणतो तो पोटातला वारा आहे. आणि परवापासून ऑस्टरवुड गावाशी आइस हॉकीची अंतिम फेरी. पाच सामने, जो तीन जिंकेल त्याचा चषक. आमच्या ड्रायबरीत चषक आला तेव्हा लेसिया दोन वेण्या घालून शाळेत जायची. आता तिचेच केस पिकलेत.

ही काळजी इतरांपेक्षा मला जास्त, कारण आमच्या मॅगपाय संघाचा सेंटर, ब्रेडन मकास्किल, माझ्याच घरी राहतो, खाली तळघरातल्या खोलीत. संघातली पोरं लांबून येतात आणि गावातली घरं त्यांना वाटून घेतात. त्यांना जेवू घालायचं, पायमोजे धुवायचे, वेळेवर उठवायचं. ब्रेडन पार समुद्राकडचा, केप ब्रेटनचा. आमच्याकडे त्याचा हा दुसरा हिवाळा. मला ‘गिदो’ म्हणतो. आम्ही युक्रेनी लोक आजोबांना तसं म्हणतो. मला नातू नाही. ते जाऊ दे.

९ मार्च, शुक्रवार

जिंकलो. चार-एक. सगळं नीट लिहून ठेवतो, कारण असा खेळ मी पुन्हा बघेन की नाही कोण जाणे.

आघाडीच्या आमच्या तिघांना गाव ‘तिफण’ म्हणतं. नाव मी दिलं. रिंकवर माझ्या शेजारी बसणारा ऑर्व्हिल टोएव्स कॅफेत ते स्वतःचं म्हणून सांगतो, सांगू दे. तीन फण एकाच दांडीला बसवलेले, एकदम जमिनीत उतरतात आणि एकदम वर येतात.

उजवा फण टायसन फ्रीसेन, इथल्याच शेतकऱ्याचा. मान बैलासारखी. कोपऱ्यात चकतीसाठी जुंपली की तिघांना अंगावर घेतो आणि चकती पायात धरून उभा राहतो. गोल कमी करतो, पण त्याच्याविना कोणाचा गोल होत नाही. डावा फण डॅरिल ओकेमाव, उत्तरेकडच्या क्री आदिवासी लोकांतला. तो बर्फावर धावत नाही, त्याच्याखालून बर्फच सरकतो. बोलत नाही, हसत नाही. त्याचा फटका सुटला की गोलीला, म्हणजे गोलरक्षकाला, आवाज आधी ऐकू येतो आणि चकती नंतर दिसते. माझी त्याच्याबद्दल एकच तक्रार आहे, तो मागे लवकर येत नाही. आज आला.

आणि मधला फण. पंच दोघांच्या मध्ये चकती टाकतो तेव्हा ब्रेडन तिच्याकडे बघत नाही, पंचाच्या मनगटाकडे बघतो. हे त्यानेच मला सांगितलं. चकती मिळाली की डोकं वर, कायम वर. मागे कोण आहे ते त्याला कसं कळतं देव जाणे. आज त्याने न बघता मागच्या मागे चकती दिली आणि ओकेमाव तिथे होताच. ऑर्व्हिल म्हणाला, "तुझ्या पोराला मानेमागे तिसरा डोळा आहे रे." मी म्हटलं, "आमच्या घरच्या बीटच्या सुपाचा गुण." तो म्हणाला, "मग तू इतकी वर्षं पितोस, तुला समोरचं का दिसत नाही?"

११ मार्च, रविवार

काल दुसरा सामनाही जिंकलो. आता एकच हवा.

तरी माझी झोप नीट झाली नाही. ऑस्टरवुडच्या बचावात स्टाइनके नावाचा एक आहे, कोठाराच्या दाराएवढा. दुसऱ्या सत्रात ब्रेडन मान वळवून ओकेमावला शोधत होता, तेवढ्यात तो बाजूने आला. ब्रेडनचं डोकं काचेवर आपटलं. मी समोरच बसतो. काच बराच वेळ थरथरत होती.

तो उठला. हसला सुद्धा. मग घसरत घसरत सरळ ऑस्टरवुडच्या बाकाकडे गेला आणि त्यांच्या पोरांमध्ये बसायला लागला. सगळी रिंक हसली. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एवढा मार खाऊन याला चेष्टा सुचते. शॅनन त्याला खाली घेऊन गेली. ती संघाची ट्रेनर, पोरांचं लागलं-खुपलं बघणारी, एरवी शाळेत खेळ शिकवते. पण कोच वेंडल क्रॉस मागून काहीतरी ओरडला आणि थोड्या वेळाने ब्रेडन परत वर आला. शेवटचा गोल त्यानेच केला. गोल झाल्यावर दोन्ही हात वर करायची त्याची सवय, काल केले नाहीत. बघत राहिला, जसा काही दुसऱ्या कोणी केला.

आज चर्चला आला नाही. दुपारपर्यंत झोपला. मी जेवायला बोलवायला खाली गेलो तर खिडकीवर पांघरूण टांगलेलं. बादलीत उलटी होती.

"ताप आलाय, गिदो," म्हणाला. "दिवा नका लावू."

१३ मार्च, मंगळवार

कोच स्वतः येऊन गेला. ब्रेडन बुधवारी खेळणार नाही, पोटाची साथ आहे म्हणाला. दारातून जाता जाता मला म्हणाला, "वासिल, मार्च महिना आहे. तुला सांगायला नको."

सांगायला नकोच. मार्चमध्ये आमच्याकडे कोणाला काय झालंय ते गावाबाहेर बोलत नाहीत, गावातही नाही. मनगट दुखतंय असं कळलं की पुढच्या सामन्यात समोरचा त्याच मनगटावर काठी मारतो. एका वर्षी न्हाव्याच्या बायकोने आमच्या गोलीचा गुडघा दूध आणताना बोलून दाखवला होता. अजून तिला कोणी नाताळला बोलवत नाही.

कॅफेत रंग विकणारा एक माणूस आला होता, ऑस्टरवुडकडचा. कॉफी ढवळत म्हणाला, "तुमचा सेंटर कसा आहे?"

"खातो, पितो, मजेत आहे," मी म्हटलं.

"डोकं जोरात आपटलं म्हणे."

ऑर्व्हिल मध्ये पडला. "काचेचं काय झालं ते विचारा. काच बदलावी लागतेय."

सगळे हसले, तो माणूसही. घरी येईपर्यंत मला बरं वाटलं. मग मनात आलं, साथ आहे तर लेसियाला कशी झाली नाही, मला कशी झाली नाही. मी तर त्याची बादली धुतो. लेसियाला म्हटलं तर ती म्हणाली, "तातो, एखादी गोष्ट आपल्याला झाली नाही याचीही काळजी करायची का?"

१४ मार्च, बुधवार

ऑस्टरवुडमध्ये हरलो. सहा-एक. रेडिओवर ऐकलं. मधला फण काढला की बाकीचे दोन नुसते जमीन खरवडतात. सतरा वर्षांच्या पोराला मध्ये घातलं होतं. टायसन त्याच्यावर ओरडत होता तेही रेडिओवर ऐकू येत होतं. ब्रेडनला रेडिओ ऐकायला वर बोलावलं होतं. म्हणाला, आवाज टोचतो. एवढी हॉकीवर जीव टाकणारी पोरं, त्यांना आवाज टोचतो.

१५ मार्च, गुरुवार

आज ब्रेडन स्वतः वर आला. स्वयंपाकघरात टोपी डोळ्यांवर ओढून बसला. मला बरं वाटलं. त्याच्यापुढे आंबट मलई घातलेली पिरोही, आमच्या उकडलेल्या करंज्या, ठेवली, दोन खाल्ली.

"गिदो, तुम्हाला महिने उलटे म्हणता येतात? डिसेंबरपासून मागे?"

"का रे?"

"टायसनशी पैज आहे."

मी म्हणून दाखवले, न अडखळता. त्याने सुरू केलं. डिसेंबर, नोव्हेंबर, मग थांबला. पुन्हा सुरू केलं. सप्टेंबरला अडकला. कपाळ चोळायला लागला. हुशार पोरगा, गणितात पहिला येतो असं त्याची आई फोनवर सांगायची. मी म्हटलं, "अरे, महिने पाठ करायचे नसतात. मला बापाने कामं शिकवली, महिने आपोआप आले. वर्षाच्या टोकाला उभा राहा आणि मागे चालत ये."

मग आम्ही दोघं बसलो. डिसेंबरला गाडी बर्फात रुतते. नोव्हेंबरला डुक्कर कापायचं. ऑक्टोबरला बटाटे तळघरात. सप्टेंबरला कापणी. त्याआधी यंत्राला वंगण, त्याआधी गवताच्या गाठी, त्याआधी तण, त्याआधी पेरणी. त्याआधी चिखल. त्याआधी हॉकी. त्याआधी वासरं. आणि जानेवारीत जुन्या पंचांगाचा आमचा नाताळ.

तो पुटपुटत राहिला. डुक्कर, बटाटे, कापणी. चहा निवेपर्यंत न चुकता यायला लागलं. मग म्हणाला, आता डोळे मिटून एका पायावर उभं राहायचंय. ही पण पैजच. मी मागे खुर्ची धरून उभा राहिलो. तीन वेळा माझ्या अंगावर पडला. चौथ्या वेळी त्याला सांगितलं, अंगठा जमिनीत रोव, कोठाराच्या शिडीवर आम्ही तसंच करायचो. मग जमलं.

"गिदो, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं," म्हणाला.

मला आज संध्याकाळपर्यंत काळजी आठवली नाही.

१६ मार्च, शुक्रवार

ब्रेडन परत खेळला. तरी हरलो. तीन-दोन. आता दोन-दोन झालं आणि पाचवा सामना बुधवारी आमच्या रिंकवर.

रेडिओवरचा माणूस मूर्ख आहे. म्हणतो, मकास्किलने चकती दोनदा समोरच्याच्या काठीवर नेऊन ठेवली. म्हणतो, मकास्किल बाकावर बसायचं सोडून कठड्याला टेकून उभा आहे. मी रेडिओला बरंच काही बोललो. लेसिया म्हणाली, "त्याला ऐकू जात नाही, तातो."

१७ मार्च, शनिवार

सकाळी ब्रेडनने विचारलं, "काल ओकेमावने किती केले?"

मला वाटलं माझी परीक्षा घेतोय. मी म्हटलं, "दोन्ही त्यानेच. एक तुझ्या पासवर."

"माझ्या पासवर," तो म्हणाला आणि खिडकीकडे वळला. मग गॉगल लावला.

पुढचं लिहायला हात वळत नाही, पण डॉक्टर म्हणाला लिही.

ईस्टरआधीचा उपासाचा महिना, म्हणून आज चर्चच्या तळघरात पिरोही वळायला बसलो होतो. आम्ही म्हातारे कडा दाबतो, बायका सारण भरतात, गाव येऊन विकत नेतं. शॅनन आली. पिशवी हातात घेऊन माझ्याशेजारी बसली.

"मिस्टर हावरिश, ब्रेडन घरी कसा आहे?"

"बरा आहे. साथ होती, गेली."

तिने माझ्याकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हालाही साथच सांगितली का? डोक्याला मार होता. मी त्याला बुधवारी बसवला. शुक्रवारी निघायच्या आधी पुन्हा तपासला. डोक्यात काही हललं असेल तर माणसाला महिने उलटे म्हणता येत नाहीत, डोळे मिटून एका पायावर उभं राहता येत नाही. त्याने दोन्ही केलं. फटाफट. म्हणून सोडला."

माझ्या हातातली पिरोही फाटली.

"एकच गंमत झाली," ती म्हणाली. "नोव्हेंबर म्हणायच्या आधी तोंडातल्या तोंडात ‘डुक्कर’ म्हणाला. मला वाटलं, मलाच म्हणतोय."

समोरच्या बायका हसल्या. मी पण हसलो. शॅनन हसून उठली आणि पिशवी घेऊन गेली. मी तिथेच बसून राहिलो, पिठाचा हात तसाच. तिला हाक मारायची होती. बायका बसल्या होत्या, ऑर्व्हिलची बायको त्यांत होती. मार्च महिना होता.

१८ मार्च, रविवार

रात्रभर विचार केला. आता तो बरा असेल. काल जेवला. पण काल दोनदा मीठ टाकलं त्याने सुपात, मी बघितलं. माझीही विसरायची सवय आहे, तर माझ्या डोक्यात काही हललंय का? पण मी एकोणऐंशीचा आहे.

त्याच्याशी बोललो. खाली अंधारात बसलो होतो दोघं. म्हटलं, "तू मला पैज सांगितलीस."

"गिदो, मला वीस पूर्ण होतायत. पुढच्या वर्षी या वयोगटात मला जागा नाही. बुधवारी एका मोठ्या कॉलेजचा माणूस खेळाडू निवडायला येतोय. एक सामना. मग महिनाभर झोपतो."

"डोकं दुखतं का?"

"दुखत नाही. आत कोणीतरी फर्निचर हलवतं."

आमच्याकडे रीत अशी की खेळाडूचं काहीही असो, आधी कोचकडे जायचं. घरात ठेवणाऱ्याने कोचला टाळून दुसऱ्याकडे गेलं की ती चहाडी. म्हणून जेवणानंतर वेंडलकडे गेलो. सगळं सांगितलं. डुक्कर, बटाटे, खुर्ची, बादली. तो गॅरेजमध्ये गाडी पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"अजून कोणाला बोललास?"

"नाही."

"शॅननला?"

"नाही. तुझ्याकडे आधी आलो."

"शहाणा माणूस आहेस." मग त्याने फडकं पिळलं. "बघ वासिल, तुझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी तुला वाटलं होतं रिंकचं छप्पर पडणार. पडलं का?"

"नाही पडलं."

"मी बघतो. तू निश्चिंत राहा."

निश्चिंत राहायचा प्रयत्न करतोय. वेंडल शिकलेला माणूस आहे. त्याने बघतो म्हटलंय.

१९ मार्च, सोमवार

वेंडल आज गाडी घेऊन आला आणि ब्रेडनला त्याच्या घरी घेऊन गेला. बुधवारपर्यंत तिथेच राहील, तिथे शांतता आहे म्हणाला. ब्रेडनने दोन पिशव्या उचलल्या आणि एक विसरला. ती द्यायला मी बाहेर धावलो तर वेंडल म्हणाला, "धावू नकोस, पायरीवर बर्फ आहे." ब्रेडन माझ्याकडे बघत नव्हता. त्याला कळलंय मी सांगितलं ते.

लेसियाने फोन केला तर वेंडलच्या बायकोने उचलला. म्हणाली, झोपलाय.

२० मार्च, मंगळवार

दुपारी रिंकवर गेलो. सराव बघू देत नाहीत, अंतिम सामन्याआधी दारं बंद. शाळेत गेलो तर शॅनन मुलांना घेऊन दुसऱ्या गावी गेलेली. ऑफिसातली बाई म्हणाली, "काही निरोप?" मी म्हटलं, नाही. काय निरोप देणार? ती बाई टायसनची मावशी.

कॅफेत ऑर्व्हिल म्हणाला, "उद्या तिफण पुरी आहे ना रे? तुझ्या घरातला बैल काढून नेला म्हणे वेंडलने. तू उपाशी ठेवत होतास का?"

"तिफणीला बैल असतो, फण वेगळा," मी म्हटलं. 

२२ मार्च, गुरुवार

कालचं लिहितोय. 

रिंक भरली होती. उभं राहायला जागा नव्हती. सामन्याआधी दोन्ही संघ बर्फावर गोल फिरत होते. टायसन काचेवर खांदे आपटून अंग तापवत होता. ओकेमाव एकटा एका कोपऱ्यात चकत्या मारत होता. ब्रेडन फिरताना आतल्या बाजूच्या पायावर भार टाकत नव्हता. आणि डोकं खाली होतं. दोन वर्षांत त्याचं डोकं मी कधी खाली बघितलं नाही.

मी जागेवरून उठलो. सामन्याच्या वेळी मी कधी उठत नाही, लघवीलाही नाही. सगळ्यांना उठवत, गुडघ्यांवरून जात, आमच्या बाकाच्या शेवटी काच ठेंगणी आहे तिथपर्यंत गेलो. लोक ओरडत होते, "बस रे, वासिल." शॅनन पाण्याच्या बाटल्या लावत होती.

मी म्हटलं, "त्याला महिने मी शिकवले. डिसेंबरपासून चालत येतो तो. मधून विचार. जुलैपासून विचार."

 तिला ‘डुक्कर’ आठवलं असावं. तिने ब्रेडनला हात केला. तो काचेपाशी आला. ती काय म्हणाली मला ऐकू आलं नाही, संगीत चालू होतं. त्याचे ओठ हलले. जुलै. मग थांबले. पुन्हा जुलै. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, वर्गात पोरगं शेजाऱ्याच्या वहीकडे बघतं तसं. मला तोंड उघडून ‘तण, पेरणी’ म्हणता आलं असतं. मी ओठ दाबून धरले.

शॅननने त्याच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला आणि हेल्मेट काढून घेतलं. आमच्या खेळात ट्रेनरने हेल्मेट काढून घेतलं की खेळाडू बर्फावर जात नाही. कोचला ते तिच्या हातातून ओढता येत नाही. पण हेल्मेट आपसूक परत आलं तर मात्र कोणी विचारत नाही. वेंडल तिकडून येताना दिसला तसं तिने ते काचेवरून माझ्या हातात दिलं.

"मी मागितल्याशिवाय कोणाला देऊ नका. कोणाला म्हणजे कोणालाच."

मी परत जागेवर येऊन बसलो. हेल्मेट मांडीवर. जड नसतं ते, पण मला जड लागलं.

पहिल्या सत्रात कोणाच्या लक्षात आलं नाही. मग ते सतरा वर्षांचं पोरगं मध्ये उभं राहिलं आणि कुजबुज सुरू झाली. सामान सांभाळणारा माणूस वर आला. "वासिल, ते दे. कोचने मागितलंय."

"शॅनन मागेल."

"शॅननच म्हणाली."

"मग ती येईल."

तो गेला. दुसऱ्या सत्रात एक-एक होतं. ओकेमाव एकटा लढत होता, काल तो प्रत्येक वेळी मागे आला. टायसनच्या ओठातून रक्त. तिघं एका दांडीला नव्हते. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय." ऑर्व्हिल माझ्या शेजारी बसतो, चाळीस वर्षं. तो समोर बघत म्हणाला, "वासिल, एकच सत्र आहे. पोरगं स्वतःच्या पायावर उभं आहे. दे की रे."

मी हेल्मेटवर दोन्ही हात ठेवले. ऑर्व्हिल उठला आणि दुसरीकडे जाऊन उभा राहिला.

मग ब्रेडन आला. उघड्या डोक्याने, स्केटचे बूट तसेच, रबरी चटईवरून काचेपर्यंत. काठीने काच ठोकली. "गिदो." ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. "गिदो, द्या." त्याने दोन्ही हात पुढे केले. सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मी हेल्मेट कोटाच्या आत घेतलं आणि बटणं लावली. तो उभा राहिला. मग त्याचा चेहरा कागदासारखा झाला, त्याने कठडा धरला आणि तिथेच ओकला. शॅनन धावत आली. तिने आणि टायसनच्या बापाने त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं असं नंतर कोणीतरी म्हणालं. लेसिया त्यांच्या मागे गाडी घेऊन गेली.

शेवटच्या सत्रात स्टाइनकेने दुरून मारलेली चकती आमच्याच पोराच्या बुटाला लागून आत गेली. दोन-एक. दोन्ही संघ रांगेत उभे राहून हात मिळवत होते तरी मी बसून होतो. लोक माझ्या पुढून जाताना गप्प होते. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी आयुष्यात एकही गोष्ट मागितली नव्हती देवाकडे, हा चषक सोडून. आणि मीच तो अडवला. पोरगं कदाचित शेवटच्या सत्रात सावरलं असतं. त्या कॉलेजचा माणूस लवकर उठून गेला. कदाचित साधा ताण असेल, मलाच प्रत्येक गोष्टीत छप्पर पडताना दिसतं. विचारायला गेलो तर डॉक्टर म्हणेल वहीत लिही.

२२ मार्च, दुपारी

लेसियाचा पहाटे एकदा फोन आला होता. म्हणाली, डोक्याचे फोटो काढायला आत नेलंय, त्याच्या आईला विमानात बसायला सांगितलंय, फोन मोकळा ठेव. तेव्हापासून फोन मोकळा आहे.

आत्ता दार वाजलं. सामान सांभाळणारा माणूस. टोपी हातात, पण आत आला नाही.

"हेल्मेट संघाचं आहे, वासिल. हंगाम संपला, सगळं मोजून कपाटात लावायचंय."

"शॅनन मागेल."

"अरे, सामना संपला. आता काय करायचंय तुला त्याचं?"

"तिने सांगितलंय, ती मागेल."

त्याने मान हलवली. "गावात तुझ्याबद्दल काय बोलतायत तुला माहीत आहे का?"

मी म्हटलं, माहीत आहे. दार लावून घेतलं.

हेल्मेटच्या आतली गादी त्याच्या घामाने अजून ओलसर आहे. हीटरपाशी ठेवलं तर लवकर वाळेल. पण मग ते हातातून सोडावं लागेल.